निळा धूर दिसला म्हणून लगेच इंजिन खोलू नका

रात्रभर गोठ्याशेजारी उभा असलेला ट्रॅक्टर सकाळी सुरू केला, की सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट निघतो. मिनिटा-दोन मिनिटांत तो विरतो आणि मग दिवसभर ट्रॅक्टर मुकाट्याने काम करतो. इंजिन ऑइल मात्र हळूहळू कमी होत जाते. असे तुमच्याही दारात होत असेल. पारावर हा विषय काढलात, तर चार जण पाच सल्ले देतात आणि शेवटी सगळे एकाच वाक्याशी येऊन थांबतात : "इंजिनाचं काम काढावं लागणार."

हे वाक्य बहुधा पेरणीच्या किंवा नांगरटीच्या तोंडावर ऐकावे लागते. काम काढायचे म्हणजे हेड उतरवायचे, पिस्टन बाहेर घ्यायचे, रिंगा, लायनर, बेअरिंग सगळे बघायचे. पैसा जातो तो जातोच, पण हातातले दिवसही जातात. अशा वेळी दुखणे जर फक्त व्हॉल्व्हच्या सीलचे असेल, तर हा सारा खटाटोप म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! सीलची किंमत इंजिनकामाच्या मानाने अगदीच किरकोळ, आणि ते बदलण्यासाठी बऱ्याच डिझेल इंजिनांचे हेड हलवावेसुद्धा लागत नाही. काळजीने काम करणारी दोन माणसे घरच्या अंगणात एका दिवसात ते करू शकतात. मात्र दुखणे खरोखर सीलचेच आहे, ही खात्री आधी झाली पाहिजे.

तेव्हा आधी निदान.

हेडच्या वर, झाकणाखाली, रॉकर आणि स्प्रिंगा असतात आणि त्यांच्यावर सतत तेल उडत असते. व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत खालीवर होते तिला गाईड म्हणतात. दांडी आणि गाईड यांच्यामध्ये थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर दांडी अडकेल. या फटीतून वरचे तेल खाली उतरू नये म्हणून गाईडच्या माथ्यावर रबराची छोटी टोपी बसवलेली असते. तीच सील. वर्षानुवर्षे उष्णतेत राहून हे रबर कडक होते, चिरते, आणि मग इंजिन बंद असताना रात्रभर तेल थेंबाथेंबाने दांडीवरून खाली झिरपते. सकाळी पहिल्या फटक्यालाच ते जळते. म्हणूनच सीलचा धूर सकाळी सुरू करताना दिसतो, किंवा इंजिन बराच वेळ रिकामे चालू ठेवून मग एकदम रेस केले तर दिसतो. नांगर ओढताना तो बहुधा नसतो.

रिंगांचा धूर याच्या उलट. जितका भार जास्त तितका तो जास्त, आणि दिवसभर. एक साधी परीक्षा करून पाहा. इंजिन गरम असताना, सावकाश चालू ठेवून, ऑइल भरायच्या तोंडाचे झाकण सोडवून उलटे तसेच तोंडावर ठेवा. झाकण जरासे थरथरले तर चिंता नको. पण ते उडू लागले, नाचू लागले आणि तोंडातून धुराची फुंकर येऊ लागली, तर जळका वायू रिंगांवरून खाली उतरतो आहे. तिथे नवे सील घालून काही साधणार नाही. त्या पैशाचे ऑइल आणा आणि मिस्त्रीची तारीख घ्या.

रंगाचीही गल्लत होते. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. पांढरा म्हणजे न जळलेले डिझेल, किंवा पाणी आत जाते आहे. तेलाचा धूर निळसर असतो आणि त्याला जळकट वास येतो. सकाळच्या उन्हात, एकाने चावी फिरवावी आणि दुसऱ्याने दहा पावलांवर उभे राहून पाहावे. सीटवर बसलेल्याला रंग नीट कळत नाही. हे पाहण्याचे काम घरातल्या कोणीही करावे. आमच्या अनुभवाने, घरातल्या बायकांना हा फरक आधी कळतो. चुलीचा धूर ओळखण्यात ज्यांची उमर गेली, त्यांना इंजिनाचा धूर काय अवघड!

आणखी एक गोष्ट सील बदलण्याआधी पाहायची आहे, आणि ती अगदी फुकट आहे. पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते, त्यामुळे आत मोठी ओढ निर्माण होते आणि गाईडमधून तेल खेचले जाते. डिझेल इंजिनात बहुधा अशी झडप नसते, म्हणून ओढ थोडीच असते. पण एअर क्लीनर धुळीने कोंदला, की डिझेल इंजिनही श्वासासाठी धडपडू लागते आणि मिळेल तिथून ओढते, गाईडमधून तेलसुद्धा. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र चालवलेल्या हंगामानंतर एअर क्लीनर उघडून पाहिला आहे काय? तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असेल, तर वाटीतले तेल खुणेच्या वर तर नाही ना, तेही बघा. जास्त भरलेले तेल सरळ इंजिनात ओढले जाते आणि निळा धूर काढते. चेंबरमध्ये ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरले असेल तरी तसेच. अशा धुरापायी खोललेली इंजिने गावोगाव सापडतील. म्हणून आधी एअर क्लीनर धुवा, तेल खुणेवर आणा, आणि एका वहीत किती तासांना किती ऑइल घातले ते लिहू लागा. पन्नास तासांचा हिशेब हाती असला, की मिस्त्रीशीही नीट बोलता येते.

एवढे करूनही सकाळचा निळा लोट कायम असेल, झाकण नाचत नसेल, बाहेर कुठे गळती नसेल, तर सीलकडे वळावे.

हेड न उतरवता हे होते कसे?

व्हॉल्व्हला वर धरून ठेवते ती त्याची स्प्रिंग. सील बदलायचे तर स्प्रिंग काढावी लागते, आणि स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडणार, ही भीती. म्हणून सगळे हेड उतरवतात. पण डिझेल इंजिनात डिझेल पेटते ते हवा जबरदस्त दाबल्याने, आणि तेवढी दाबण्यासाठी पिस्टन अगदी हेडपर्यंत, मिलिमीटरभराच्या अंतरावर यावा लागतो. म्हणजे पिस्टन टॉपला असताना उभा व्हॉल्व्ह सुटला तरी तो पडून पडून जाणार कुठे? मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली येऊन पिस्टनच्या डोक्यावर टेकतो. पिस्टनच खालून हात देतो म्हणा ना! ही काही गॅरेजमधली चोरवाट नाही. हेड बसलेले असताना व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलण्याची हीच रीत इंजिन कारखान्यांच्या माहितीपुस्तकांतूनही दिलेली आढळते.

उदाहरणासाठी आपल्याकडे खूप दिसणारे तीन सिलिंडरचे पर्किन्स घराण्याचे इंजिन घेऊ. 1959 पासून मॅसी फर्ग्युसन 35 ट्रॅक्टरला पर्किन्सचे 3.152 हे इंजिन बसू लागले. 152 हा आकडा घन इंचांचा, म्हणजे सुमारे अडीच लिटर. याच घराण्याची इंजिने पुढे चेन्नईच्या सिम्प्सनने केली आणि ती 1035 च्या रूपाने आपल्या वावरात आली. यात व्हॉल्व्ह उभे आहेत, पुशरॉड आणि रॉकर वर आहेत, इलेक्ट्रॉनिक भानगड काही नाही.

पण तुमच्या ट्रॅक्टरला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट विचारून घ्या : रॉकरचा दांडा ज्या बोल्टांनी धरला आहे, तेच बोल्ट हेडही धरतात काय? फोर्ड 3000 सारख्या तीन सिलिंडरच्या इंजिनांत तसे आहे. तिथे रॉकर सोडला की हेडचा दाब सुटतो आणि गॅस्केट बिघडू शकते. अशा इंजिनाला ही रीत घरी करू नये. वॉरंटीतल्या नव्या ट्रॅक्टरलाही नको. आणि विहिरीवरच्या सावकाश चालणाऱ्या जुन्या एक सिलिंडरच्या इंजिनांत कित्येकदा हे सीलच नसते. शिवाय एका सिलिंडरचे हेड उतरवायला जातेच किती? तिथे हा लेख बाजूला ठेवा.

हत्यार आणि तयारी

स्प्रिंग दाबायचे बाजारी शिकंजे पुष्कळदा घोड्याच्या नालासारखे असतात. त्यांचे एक टोक व्हॉल्व्हच्या खालून धरते, म्हणून हेड बसलेले असताना ते निरुपयोगी. इथे तरफेचा शिकंजा लागतो. तो वेल्डिंगवाल्याकडून करून घेता येतो. अडीच फूट लांबीची जाड लोखंडी पट्टी घ्यावी. तिचे एक टोक असे करावे, की रॉकरच्या मोकळ्या स्टडवर परत लावलेल्या नटाखाली ते अडकेल. तिथून स्प्रिंगच्या अंतरावर पट्टीला पाइपाचा एक आखूड तुकडा खेळता जोडावा, आणि त्या पाइपाला बाजूने बोट जाईल एवढी खिडकी कापावी. पाइप स्प्रिंगच्या वरच्या टोपीवर बसतो, पट्टीचे दुसरे टोक दाबले की स्प्रिंग दबते आणि खिडकीतून लॉक काढता येतात. पट्टी वाकत असेल तर ती वापरू नका. दबलेली स्प्रिंग सुटून डोळ्याला लागली तर हंगाम राहिला बाजूला. चष्मा लावा.

याशिवाय फिलर गेज, एक चुंबक, ग्रीस, स्वच्छ सुती फडकी, आणि एक परात. (कणकेची नव्हे!) सुटे भाग त्या परातीत, क्रमाने ठेवायचे. टॅपेट कव्हरचे नवे गॅस्केट आणून ठेवा. सील घेताना इंजिन नंबर सांगा आणि इनटेकला वेगळे, एक्झॉस्टला वेगळे असतात की फक्त इनटेकलाच असते, ते विचारून घ्या.

ट्रॅक्टर सपाट जागी, चाकांना दगड, गिअर न्यूट्रल, स्टॉपची दांडी ओढलेली, बॅटरीची अर्थिंगची वायर काढलेली, आणि चावी काम करणाऱ्याच्या खिशात. पोरे चावीशी खेळतात हे विसरू नका. कव्हर उघडण्याआधी वरची सगळी धूळ हवा मारून किंवा ब्रशने साफ करावी. वावरातल्या मातीची चिमूट आत गेली तर सीलपेक्षा मोठे दुखणे विकत घ्याल.

आता कामाला लागू

टॅपेट कव्हर काढा. पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने, ते चालते त्याच दिशेने फिरवा. रेडिएटरकडून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. रेडिएटरकडचा पहिला सिलिंडर. त्याच्या दोन्ही रॉकरांवर नजर ठेवा. एक क्षण असा येतो, की एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मिटत आलेला असतो आणि इनटेकचा उघडू लागतो. दोन्ही रॉकर जणू डोलतात. तिथे थांबा. पहिला पिस्टन टॉपला आला. पुलीवर आणि तिच्या शेजारी बॉडीवर खडूची खूण करा. यात थोडे इकडेतिकडे झाले तर घाबरण्याचे कारण नाही. टॉपच्या जवळ पिस्टन फार सावकाश हलतो. पुली दहा अंश चुकली तरी या इंजिनात तो मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरच खाली असतो.

मग रॉकरच्या दांड्याचे बोल्ट थोडे थोडे करून, सगळे सारखे सैल करत, दांडा उचला. एकच बोल्ट पुरता काढून मग दुसऱ्याकडे गेलात तर दांडा वाकतो. पुशरॉड काढताना आधी जरा फिरवा आणि मग उचला. नाहीतर तेलाच्या चिकटीने खालचा टॅपेट वर ओढला जातो. पुठ्ठ्याला भोके पाडून, आकडे लिहून, पुशरॉड त्यात क्रमाने खोचून ठेवा.

यापुढचे काम या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे. हेडवर जेवढी भोके दिसतात, पुशरॉडची आणि तेल उतरायची, ती सगळी फडक्यांनी बुजवा. किती फडकी कोंबली ती मोजून लिहून ठेवा. व्हॉल्व्हचे लॉक म्हणजे नखाएवढे दोन तुकडे. त्यातला एक निसटून भोकात गेला, तर तो थेट चेंबरमध्ये. मग चेंबर उतरवल्याखेरीज इंजिन सुरू करायचे नाही, हे निक्षून सांगतो. "बसला असेल कुठंतरी तळाशी" असे म्हणून सुरू केलेली इंजिने जन्माची बाद होतात.

लॉक टोपीत घट्ट बसलेले असतात. टोपीवर योग्य मापाचा पान्याचा गोट ठेवून हातोडीने हलकेच एक टिचकी मारा, म्हणजे पकड सुटते. शिकंजा लावा, एकाने दाबून धरावे, दुसऱ्याने चुंबकाने दोन्ही लॉक काढून परातीत टाकावेत. शिकंजा हळू सोडा, टोपी आणि स्प्रिंग उचला. व्हॉल्व्ह खाली टेकेल. बोटांनी त्याची दांडी वर उचलून सोडा : थोडीशी वर जाते आणि टक्कन टेकते, तर सगळे ठीक. लॉकच्या खाचेत बारीक नायलॉनचा दोरा बांधून ठेवलात तर जीव आणखी निवांत. आणि स्प्रिंग नसताना इंजिन एक रेसभरही फिरवायचे नाही. पुलीचा पाना काढून दूर ठेवा.

आता दांडी धरून आडवी हलवून पाहा. बोटांना जेमतेम कळेल एवढी हालचाल चालते. डोळ्यांना ठळक दिसेल एवढी दांडी डुलत असेल, तर गाईडच झिजले आहे. त्यावर घातलेले नवे सील काही दिवस टिकेल, पण दांडीच्या डुलण्याने त्याची कड पुन्हा फाटेल. तिथे हेड उतरवणे आलेच. आजचा हंगाम काढण्यापुरते सील घाला आणि उन्हाळ्यात हेड गॅरेजला न्या. ही पाहणी एवढ्यासाठी सांगतो, की नंतर धूर परत आला तर तुम्हाला त्याचे कारण आधीच ठाऊक असावे.

जुने सील उपटून काढा आणि नखाने दाबून बघा. चांगले रबर दबते. जुने वाळक्या पापडासारखे मोडते, कधी तर तुकड्यांनीच हाती येते. सगळे तुकडे वेचा. गाईडचा माथा पुसा. नवे सील घालताना दांडीवरच्या लॉकच्या खाचेची धारदार कड त्याला चिरते, आणि नवे सील पहिल्याच दिवशी गळू लागते. म्हणून खाचेवर पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळा, त्याला ऑइल लावा, सील त्यावरून सरकवा, कागद काढा आणि गोटाने, हाताच्या जोरानेच, ते गाईडवर सरळ दाबा. हातोडी नको.

स्प्रिंग, टोपी, शिकंजा. लॉकना आतून ग्रीस लावा, म्हणजे ते दांडीला चिकटून राहतात. दोन्ही खाचेत नीट बसले हे पाहूनच शिकंजा सोडा, आणि मग टोपीवर पुन्हा एक हलकी टिचकी मारून खात्री करा. दुसऱ्या व्हॉल्व्हचेही असेच. एक व्हॉल्व्ह पुरता झाल्यावरच दुसऱ्याला हात घालावा.

पहिला सिलिंडर झाला. फडकी काढा, मोजा, रॉकर परत बसवा, आणि मगच इंजिन फिरवा. या इंजिनाचा क्रम 1-2-3 आहे, तेव्हा पुली दोनतृतीयांश फेरा फिरली की दुसऱ्या सिलिंडरचे रॉकर डोलतील, आणि आणखी तेवढीच फिरली की तिसऱ्याचे. पुलीभोवती दोरा गुंडाळून त्याचे तीन भाग केलेत, तर खूण बरोबर आली की नाही तेही ताडता येते. रॉकर तीनदा काढा-घाला करणे कंटाळवाणे खरे. पण व्हॉल्व्ह स्वतःच पिस्टनची जागा सांगतो, त्याच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला आणि चौथा, दुसरा आणि तिसरा पिस्टन जोडीने वर येतात, म्हणून दोन सिलिंडर एकाच खेपेस होतात.

शेवटी टॅपेट. वर सांगितलेल्या पर्किन्स इंजिनाला थंड असताना 0.30 मिलिमीटर, मिस्त्रीच्या भाषेत बारा थाऊ. इतर इंजिनांना त्यांच्या पुस्तकातला आकडा घ्यावा, अंदाजाने नको.

पेट्रोल जीप किंवा जुनी मोटार असेल, तर पिस्टन आणि हेड यांच्यात जागा जास्त असते, व्हॉल्व्ह पुष्कळदा तिरपे असतात, आणि टॉपला आणूनही व्हॉल्व्ह खाली सरकतो. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, पिस्टन थोडा खाली ठेवून, प्लगच्या भोकातून मऊ नायलॉनची दोरी आत भरतात. शेवटचे टोक बाहेरच राहिले पाहिजे. मग हाताने पिस्टन वर आणला, की दोरीची गादी व्हॉल्व्हला खालून दाबून धरते. सुतळी वापरू नये, तिचे धागे आत राहतात. डिझेलच्या नोझलच्या भोकातून हा उद्योग करता येत नाही, आणि वर पाहिलेच की तिथे त्याची गरजही नाही.

काम झाल्यावर पहिल्या सकाळी पुन्हा धूर दिसला तर हिरमुसू नका. सायलेन्सरमध्ये आणि पोर्टमध्ये साचलेले जुने तेल जळून जायला काही तास कामाचे चालवावे लागते. आठवडाभर वहीत ऑइलची नोंद ठेवा आणि आधीच्या पन्नास तासांच्या आकड्याशेजारी ती मांडा. जुने सील फेकू नका. कागदात बांधून, तारीख आणि तास लिहून, ट्रॅक्टरच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. पुढे ट्रॅक्टर विकायला काढलात तर गिऱ्हाइकाला दाखवायला होतील.